सांडणारं तेल आणि काढलेलं तेल

इंजिनात वनस्पतीचं तेल चालतं का, असं हल्ली गिऱ्हाइकं विचारू लागली आहेत, आणि विचारताना हे काहीतरी कालपरवा निघालेलं खूळ असावं असा त्यांचा सूर असतो. उत्तर मात्र शंभर वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे. चार्ल्स वेकफील्ड यांनी 1899 साली लंडनमध्ये वंगणाचा धंदा सुरू केला आणि 1909 मध्ये मोटारी व विमानांसाठी जे तेल बाजारात आणलं, त्यात एरंडेल होतं. कॅस्ट्रॉल हे त्याचं नावही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आलं. पहिल्या महायुद्धातली सॉपविथ कॅमलसारखी विमानं ज्या इंजिनांवर उडत, त्यांचे सिलेंडर स्वतःच गरगर फिरत आणि पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच सिलेंडरकडे जाई. तिथे खनिज तेल घातलं तर पेट्रोल ते धुऊन नेणार. एरंडेल पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही आणि तापलेल्या धातूवरही त्याचा थर टिकून राहतो, म्हणून एरंडेलाला पर्याय नव्हता. ते तेल पुन्हा टाकीत येत नसे. एकदा आत गेलं की धुराबरोबर बाहेर फेकलं जाई आणि त्यातलं बरंचसं वैमानिकाच्या तोंडावर येई. एरंडेल पोटात गेल्यावर त्या बिचाऱ्यांचं काय होत असे ते सांगायला नको. सांगायचं ते एवढंच, की वंगणाच्या वाटा दोन असतात. एक तेल इंजिनात फिरत राहतं आणि काळं झालं की ड्रेन नट खोलून काढलं जातं. दुसरं तेल वंगण देता देताच निघून जातं. हवेत, पाण्यात किंवा मातीत. वनस्पतिजन्य, जमिनीत विरून जाणाऱ्या तेलाबद्दल जो गोंधळ आहे, तो या दोन वाटा एकच समजल्यामुळे झाला आहे, असं माझं मत आहे.

एरंडेल चालत होतं, तर मग ते गेलं का? एक कारण सरळ आहे: खनिज तेल स्वस्त आणि मुबलक मिळू लागलं. दुसरं कारण इंजिन खोलणाऱ्याला डोळ्यांनी दिसतं. वनस्पती तेल फार वेळ उष्णता आणि हवा यांच्या सान्निध्यात राहिलं की घट्ट होतं, मग चिकट होतं आणि शेवटी कडक. स्वयंपाकघरातल्या जुन्या कढईच्या बाहेरच्या कडेला पिवळट-तपकिरी थर बसलेला असतो, जो साबणानं निघत नाही आणि तारेच्या घासणीनंही जेमतेम निघतो. तोच थर पिस्टन रिंगांच्या खाचांत बसला की रिंगा जखडतात, कॉम्प्रेशन जातं आणि गाडी तेल खाऊ लागते. कढईवरचा थर आणि इंजिनातला थर यांचं रसायन एकच आहे. तेलाच्या रेणूत जिथे दुहेरी बंध असतात तिथे ऑक्सिजन घुसतो, रेणू एकमेकांना जोडले जातात आणि तेलाचं वार्निश होतं. सम्पमधलं तेल शंभर अंशांच्या आसपास असतं, आपल्याकडच्या एअरकूल्ड मोटारसायकलींत उन्हाळ्यातल्या ट्रॅफिकमध्ये त्याच्याही वर जातं, आणि वरच्या रिंगेपाशी तर तापमान दोनशेच्या पुढे असतं. तळणीच्या कढईतलं तेलही साधारण 180 अंशांवर असतं. फरक एवढाच, की तळणीचं तेल आपण दोनतीनदा वापरून टाकून देतो आणि इंजिनाच्या तेलाकडून हजारो किलोमीटरची अपेक्षा ठेवतो.

पण ‘वनस्पती तेल’ असं एक तेल नसतंच, आणि इथे आपल्या लोकांना शिकवायची गरज नाही, कारण आपल्याकडे ही तेलं घरोघर आहेत. जवसाचं तेल हवेत आपोआप सुकतं, म्हणून ते रंगात घालतात आणि क्रिकेटच्या बॅटला चोळतात. ज्या गुणामुळे ते बॅटला चांगलं, त्याच गुणामुळे इंजिनाला घातक. सोलापूर-मराठवाड्याकडच्या नेहमीच्या करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर, म्हणजे तेही लवकर ऑक्सिडाइज होणारं. पण करडईच्याच काही जाती अशा आहेत ज्यांत ओलिक आम्ल जास्त असतं, आणि ओलिक आम्ल लिनोलिकपेक्षा कितीतरी पटींनी टिकाऊ. सूर्यफूल आणि सोयाबीनच्याही अशा जाती परदेशात मुद्दाम वंगणासाठी आणि तळणीसाठी लावल्या जातात. दुसऱ्या टोकाला खोबरेल. त्यात दुहेरी बंध फार कमी, म्हणून ते चिकट होत नाही, पण पुण्याच्या डिसेंबरात बाटलीतच थिजतं आणि पहाटे गार इंजिनात तेलाच्या पंपाला ओढता येणार नाही असं होतं. केरळात टू-स्ट्रोक रिक्षा-स्कूटरमध्ये लोक खोबरेल घालत असत आणि कोचीनच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचा वंगण म्हणून रीतसर अभ्यासही केला. त्या हवामानात ते शक्य आहे. मुद्दा असा की जे तेल गारठ्यात वाहतं ते उष्णतेत टिकत नाही आणि जे उष्णतेत टिकतं ते गारठ्यात वाहत नाही. घाण्यावरून आणलेलं तेल थेट इंजिनात ओतायचा विचार ज्यांच्या डोक्यात येतो, त्यांनी हा पेच आधी समजून घ्यावा.

यावरून बरेच अनुभवी मेकॅनिक निष्कर्ष काढतात की झाडाचं तेल ही नुसती भूल आहे. हा निष्कर्ष मला मान्य नाही आणि त्याला पुरावा आकाशात आहे. जेट विमानाच्या टर्बाइनमध्ये खनिज तेल चालत नाही. तिथे एस्टर, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जोडून केलेलं तेल, लागतं. सुरुवातीच्या जेट इंजिनांच्या तेलात सेबॅसिक आम्लापासून केलेली डायएस्टर वापरली गेली, आणि सेबॅसिक आम्ल तयार होतं ते एरंडेल फोडून. पुढे पॉलिओल एस्टर आली. त्यांतल्या मेदाम्लांचा काही वाटाही वनस्पती किंवा प्राणिज चरबीतून येतो. यातली युक्ती साधी आहे. वनस्पती तेलात मेदाम्लं ग्लिसरीनच्या कण्याला अडकवलेली असतात आणि उष्णतेत हा कणाच आधी मोडतो. रसायनशास्त्रज्ञ ग्लिसरीन काढून त्या जागी अधिक दणकट कणा बसवतात, दुहेरी बंध कमी करतात, त्यात ऑक्सिडेशनविरोधी रसायन घालतात. असं तेल वनस्पतीपासून निघालेलं असतं, पण घाण्यातलं तेल नसतं. त्याची वाफ कमी होते, गरम-गार होताना त्याचा दाटपणा खनिज तेलाइतका बदलत नाही, आणि धातूला चिकटण्याचा गुण त्यात मुळातूनच असतो. जर्मनीतल्या फुक्ससारख्या कंपन्या अशी इंजिन ऑइलं आणि हायड्रॉलिक तेलं बरीच वर्षं विकत आहेत, आणि अमेरिकेत जैविक मूळ असलेल्या इंजिन तेलांना एपीआयचं (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं) प्रमाणपत्रही मिळालेलं आहे. तेव्हा ‘चालत नाही’ हा आक्षेप कच्च्या तेलाबाबत खरा आणि नीट बनवलेल्या तेलाबाबत खोटा आहे.

आता मूळ दाव्याकडे येतो: विघटनशील. हा शब्द डब्यावर हिरव्या पानासोबत छापलेला असतो, पण त्याला एक मोजमाप आहे. ओईसीडीच्या ज्या चाचणीवर ‘सहज विघटनशील’ हा शिक्का बसतो, तिच्यात तेलाचा 60 टक्के भाग 28 दिवसांत जीवाणूंनी खाऊन संपवायला हवा. बहुतेक वनस्पती तेलं आणि त्यांची एस्टर ही परीक्षा आरामात पास होतात. साधं खनिज तेल तिच्या जवळपासही पोचत नाही. पण ही परीक्षा कोऱ्या तेलाची असते, सीलबंद डब्यातल्या. पाच हजार किलोमीटर फिरलेल्या तेलाची नव्हे. आणि इंजिन तेल काही नुसतं तेल नसतं. त्यात दहा ते तीस टक्के अॅडिटिव्ह असतात. झीज रोखणारं जस्त-फॉस्फरसचं संयुग असतं, कॅल्शियमचं डिटर्जंट असतं, काजळी तरंगत ठेवणारं रसायन असतं, फेस न होऊ देणारं सिलिकॉन असतं. झीज रोखणारं हे संयुग झाडाच्या तेलातही घालावंच लागतं, नाहीतर कॅमशाफ्ट टिकणार नाही. आणि ते जीवाणूंना मुळीच मानवत नाही.

काढलेल्या तेलात काय असतं ते बघायला प्रयोगशाळा लागत नाही. टीपकागद किंवा कॉफी गाळायचा कागद घ्यावा, डिपस्टिकवरचा एक थेंब त्यावर सोडावा आणि तासाभरानं पाहावं. मधे काळा गोल, त्याभोवती राखाडी कडं, आणि सर्वांत बाहेर पिवळसर, पारदर्शक तेलाची किनार. काळा गोल लहान आणि कडक कडेचा असेल तर तेलानं काजळी सोडून द्यायला सुरुवात केली, म्हणजे गाळ बसणार. काळेपणा पसरत पसरत विरळ होत गेला असेल तर तेलात अजून जीव आहे. या काळेपणात जळालेल्या इंधनाची काजळी, कर्करोगाशी संबंध असलेली अनेक-वलयी हायड्रोकार्बनं, बेअरिंगमधलं तांबं आणि शिसं, रिंगांचं लोखंड, न जळलेलं पेट्रोल आणि पाणी, एवढं सगळं असतं. हे येतं ज्वलनातून आणि झिजेतून. तेल भुईमुगाचं होतं की बॉम्बे हायचं, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. कोरं तेल मातीत पडल्यावर महिन्याभरात विरत असेलही. काढलेलं तेल मात्र विषच असतं. फार तर असं म्हणता येईल की झाडाचं तेल वापरलं तर त्यातलं तेल विरेल आणि धातू मागे राहतील.

याच जागी ‘विघटनशील’ हा शब्द मला धोक्याचा वाटतो. आपल्या गॅरेजांत काढलेल्या तेलाची वाट फार सुधारलेली नाही. काही तेल भंगारवाला ड्रमनं नेतो, काही सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात म्हणजे काँक्रीट चिकटत नाही, काही वाळवी लागू नये म्हणून कुंपणाच्या खांबांना, काही भट्टीत जळतं, आणि काही, खोटं कशाला बोला, मागच्या नाल्यात जातं. कायद्यानं वापरलेलं तेल हे घातक कचऱ्यात मोडतं, आणि 1 एप्रिल 2024 पासून तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर जुनं तेल पुनर्प्रक्रियेला पोचवण्याची जबाबदारी टप्प्याटप्प्यानं टाकली आहे. ही व्यवस्था नुकती कुठे उभी राहते आहे. अशा वेळी डब्यावर ‘निसर्गात विरून जातं’ असं लिहिलेलं तेल दुकानात आलं, तर ड्रम भरायचा कंटाळा असलेल्या पोऱ्याला नाल्यात ओतायला एक चांगलं कारण मिळतं. ही भीती मी कल्पनेनं रंगवत नाही; ‘हर्बल’ लिहिलेला साबण नदीत वापरायला हरकत नाही असं समजणारे आपणच आहोत. म्हणून इंजिनात झाडाचं तेल घालणाऱ्यानं पहिली अट पाळावी: काढलेलं तेल त्याच ड्रममध्ये, बाकीच्या काळ्या तेलासारखंच. मात्र खाण्याच्या जुन्या तेलाबरोबर ते मिसळू नये, कारण खाण्याचं जुनं तेल बायोडिझेलवाल्याकडे जातं आणि थोड्याशा इंजिन तेलानंही तिथला माल बिघडतो.

असं असेल तर मग हे तेल हवंच कशाला, असा प्रश्न रास्त आहे. उत्तर त्या दुसऱ्या वाटेवर आहे. युरोपातला हिशेब असा की विकल्या गेलेल्या वंगणापैकी साधारण निम्मंच जुनं तेल म्हणून परत गोळा करण्यासारखं उरतं. बाकीचं वापरातच जातं: जळतं, उडतं, गळतं, डब्यांत आणि फिल्टरात राहतं. आपल्याकडे गळक्या ऑइल सीलवर गाडी वर्षभर रेटायची पद्धत आहे, तेव्हा आपला हिशेब त्यापेक्षा बरा असेल असं मला वाटत नाही. या निघून जाणाऱ्या तेलातही फरक करायला हवा. चार-स्ट्रोक इंजिनाच्या खालून ठिबकतं ते वापरलेलं, काळं तेल; त्याबद्दल वर लिहिलंच. पण काही यंत्रांतून कोरं, स्वच्छ तेल निघून जातं, आणि ते जाणं ही बिघाडाची नव्हे, तर रचनेतलीच गोष्ट असते. टू-स्ट्रोक इंजिन, करवतीची साखळी, उघडे गिअर, रुळाच्या वळणावर चाकाला लावायचं ग्रीस, जहाजाच्या पंख्याच्या दांड्याचं सील. इथे तेल परत मिळवायची सोयच नाही, तेव्हा ते कशाचं बनलं आहे हाच एक प्रश्न हातात उरतो. विमानातल्या एरंडेलाचे हे उघड वारसदार आहेत.

आउटबोर्ड इंजिनाचं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोक इंजिनात नवीन मिश्रण आत येतं तेव्हा धूर बाहेर जायचं दार अजून उघडंच असतं, त्यामुळे पेट्रोल-तेलाच्या मिश्रणाचा पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त भाग न जळताच बाहेर पडतो. रिक्षा-स्कूटरमध्ये तो निळा धूर होऊन हवेत जात असे. म्हणूनच शहरांतून त्या गाड्या गेल्या. होडीवर एक्झॉस्ट पाण्याखाली सोडलेला असतो, म्हणजे ते तेल थेट पाण्यात. मालवण-तारकर्लीला किंवा मांडवीत जिथे अजून अशी इंजिनं चालतात, तिथे शांत सकाळी होडी सुटल्यावर मागे इंद्रधनुषी तवंगाची पट्टी दिसते. ती पट्टी ज्या पाण्यावर पसरते त्याच पाण्यात माशांची अंडी आणि कालवं-तिसऱ्यांची पिलं तरंगत असतात. मध्य युरोपातल्या सरोवरांवर हे आधी लक्षात आलं आणि आउटबोर्डसाठी विघटनशील टू-टी (टू-स्ट्रोकची) तेलं तिथे रुळली. ऑस्ट्रियानं 1992 पासून करवतीच्या साखळीला खनिज तेल लावायला बंदी केली, कारण ते तेल सगळं जंगलाच्याच मातीत पडतं. जर्मन सरकारनं 2000 सालानंतर काही वर्षं यंत्रांतलं तेल बदलून जैविक तेल भरण्यासाठी अनुदान दिलं. अमेरिकेनं 2013 पासून मोठ्या जहाजांना, जिथे जिथे तेलाचा समुद्राच्या पाण्याशी संबंध येतो तिथे, पर्यावरणाला सुसह्य वंगण बंधनकारक केलं. यांतला एकही नियम मोटारगाडीच्या इंजिन तेलाबद्दल नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. ज्या देशांनी या विषयात पैसा घातला, त्यांनी आधी सांडणारं तेल पाहिलं.

आपल्याकडे या यादीत मी आणखी एक भर घालीन. उसाच्या पट्ट्यात आता तोडणी यंत्रं वाढली आहेत. त्यांत हायड्रॉलिक तेल शेकडो लिटर असतं आणि पाइप फाटायचा तो नेमका उभ्या उसात फाटतो. फाटल्यावर ऑपरेटर यंत्र बंद करेपर्यंत तेल दाबानं बाहेर येत राहतं. काळ्या मातीत चकाकणारा डाग पडतो आणि पुढच्या पिकात त्या जागेवर ऊस खुरटा निघतो. नदीपात्राजवळ काम करणाऱ्या जेसीबीचंही तेच. हे तेल ज्वलनाच्या संपर्कात येत नाही, त्यामुळे त्यात काजळी नाही, ते बहुतांशी कोरंच असतं. तापमानही इंजिनापेक्षा कमी. म्हणजे वनस्पतीच्या एस्टरला जे जड जातं ते इथे नाही, आणि जो गुण आहे तो पुरेपूर कामी येतो. मला विचाराल तर झाडाच्या तेलाचा पहिला डबा इंजिनात नाही, इथे जायला हवा.

तरीही ज्याला स्वतःच्या गाडीत घालायचंच आहे, त्याच्या शंकांना उत्तर द्यायला हवं. मोटारसायकलवाल्याची अडचण वेगळी आहे. आपल्या बहुतेक मोटारसायकलींत एकच तेल इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच प्लेटा या तिघांना पुरतं. तेल जितकं निसरडं तितकं इंजिनाला बरं, पण क्लच प्लेटांना घर्षणच हवं असतं, नाहीतर चढावर इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी सरकत नाही. म्हणून डब्यावर जासो या जपानी मानकाचं एमए किंवा एमए-टू लिहिलेलं नसेल तर ते तेल कितीही हिरवं असलं तरी मोटारसायकलीत घालू नये. बीएस-सहा गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला फॉस्फरस बाधतो, तेव्हा कंपनीनं सांगितलेली एपीआयची श्रेणी बघायलाच हवी. वॉरंटीत तेल झाडाचं की जमिनीतलं हे सहसा बघत नाहीत, श्रेणी आणि ग्रेड बघतात. अडचण अशी की ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच तेलांच्या डब्यावर ही श्रेणीच नसते. जुन्या गाड्यांच्या रबरी सीलांना एस्टर फुगवतं, हेही खरं. आणि पाणी हा एस्टरचा जुना शत्रू: पाण्यानं ते पुन्हा आम्ल आणि अल्कोहोलमध्ये फुटतं. रोज दोन किलोमीटर बाजारापर्यंत जाऊन येणाऱ्या स्कूटरचं इंजिन नीट तापतच नाही, आत दव धरतं, त्यात इथेनॉलमिश्रित पेट्रोल. अशा गाडीत एस्टर तेल किलोमीटरवर न मोजता महिन्यांवर बदलावं. शुद्ध एरंडेलाचं रेसिंग तेल तर खनिज तेलात मिसळतही नाही, त्यामुळे ते घालण्याआधी आधीचं तेल निथळून काढावं लागतं. अर्धा लिटर टॉप-अप करून बघू, असं तिथे चालत नाही.

राहिला पैशाचा आणि जमिनीचा प्रश्न. वनस्पतिजन्य वंगण खनिज तेलाच्या दीडपट ते चारपट महाग पडतं, आणि भारत आपल्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून आणतो. फोडणीला तेल आयात करणाऱ्या देशानं सूर्यफुलाचं तेल इंजिनात ओतावं, हे कुणाच्याही पचनी पडू नये, माझ्याही पडत नाही. पण एरंडेल खाद्यतेल नाही, आणि जगात निर्यात होणाऱ्या एरंडेलाचा फार मोठा वाटा भारताचाच, त्यातही गुजरातचा आहे. त्याची पेंडही आपल्याकडचे शेतकरी खत म्हणून वापरतात. आपण एरंडेल कच्चा माल म्हणून परदेशी धाडतो आणि त्याची एस्टर होऊन आलेली महागडी वंगणं विकत घेतो, हा मामला मला जास्त खुपतो. देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत अखाद्य तेलांपासून वंगण करण्यावर काम झालेलं आहे; ज्ञानाची वानवा नाही. तरी करंज आणि जट्रोफाच्या नावानं पूर्वी बायोडिझेलचं जे स्वप्न विकलं गेलं त्याची आठवण ठेवून सांगतो की पडीक जमिनीवर झाडं लावून देशाच्या गाड्यांचं तेल निघेल, असा हिशेब कुणी मांडला तर विश्वास ठेवू नये. सगळं वंगण झाडाचं करण्याइतकं तेल नाही. म्हणूनच जे आहे ते कुठे घालायचं, हे ठरवावं लागतं. ज्यांना वाटतं की विजेच्या गाड्या आल्या म्हणजे हा विषयच संपेल, त्यांनी ट्रॅक्टर, तोडणी यंत्र आणि मासेमारीची होडी यांच्याकडे एकदा बघावं.

झाडाच्या तेलाच्या बाजूनं एक मुद्दा मात्र मोटारीच्या इंजिनातही टिकतो, आणि तो विघटनाचा नाही. जे तेल इंजिनात जळून जातं त्यातला कार्बन झाडानं अलीकडच्याच काही वर्षांत हवेतून घेतलेला असतो. खनिज तेलातला कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडलेला. शिवाय चांगलं एस्टर तेल वाफ होऊन कमी उडतं, म्हणजे दोन सर्व्हिसिंगच्या मधे कमी टॉप-अप लागतो. हे फायदे छोटे आहेत पण खरे आहेत, आणि ज्याची गाडी लांब पल्ल्यावर चालते, ज्याला श्रेणी लिहिलेलं तेल मिळतं आणि ज्याच्या गॅरेजात ड्रम आहे, त्यानं ते घ्यायला माझी हरकत नाही.

सरकारी पैसा मात्र तिकडे जाऊ नये. किनाऱ्यावरच्या मच्छीमार सहकारी संस्थांचे डिझेल पंप आहेत आणि त्यांच्यामार्फत डिझेलच्या करपरताव्याचा हिशेब शासनाकडे आधीपासून चालतो. त्याच पंपांवर विघटनशील टू-टी तेल खनिज तेलाच्या भावात मिळेल एवढी सवलत द्यावी, आणि मालवणसारख्या ठिकाणी पर्यटकांच्या होड्यांना परवाना देताना त्याची अट घालावी. साखर कारखान्यांनी तोडणी यंत्रांच्या करारात हायड्रॉलिक तेलाचं कलम टाकावं. आणि ज्यांच्याकडे फक्त एक दुचाकी आहे, त्यांनी पुढच्या वेळी तेल बदलताना काउंटरवर एवढंच विचारावं की काढलेलं तेल कुठे जातं, आणि ड्रम दाखवायला सांगावा.